विटेचे डोहाळे

कुमुदला देवाबद्दल फारसं बोलता यायचं नाही. ती अंबाजोगाईची. मराठी शाळेत शिकली, लग्न होऊन दिल्लीला आली आणि येताना योगेश्वरीचा चांदीचा टाक रुमालाच्या गाठीत बांधून घेऊन आली. सकाळी दिवा, संध्याकाळी दिवा, आणि घरात जे शिजेल त्यातलं पहिलं देवीपुढे, एवढाच तिचा धर्म. पोथीतलं कोणी काही विचारलं तर म्हणायची, "मला नाही बाई त्यातलं कळत. मी आपले हात जोडते."

सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमधून ती आणि बळवंतराव पापनकलांला राहायला आले, तेव्हा तिथे सोसायट्या होत्या, पण वस्ती म्हणावी अशी नव्हती. झाड नाही, दुकान नाही, नळाला पाणी नाही. टँकर आला की सगळ्या सरकारी नोकरदारांच्या बायका बादल्या घेऊन धावायच्या. त्यात साहेबाची कोण आणि कारकुनाची कोण, ओळखू यायचं नाही. पुढे सरकारने त्या भागाला द्वारका नाव दिलं. बळवंतराव हसून म्हणायचे, "नाव द्वारकेचं, आणि समुद्राच्या जागी धूळ!" पण त्यांना आनंद झालेला होता. देशाची दारं उघडली होती, टीव्हीवर परदेशी चॅनेलं दिसत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं घर झालं होतं.

कुमुदच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दुसऱ्या सोसायटीची इमारत उठत होती. बांबूची परांची बांधलेली, त्यावरून तिरप्या फळ्या, आणि फळ्यांवरून विटा वाहणाऱ्या बायका. टिकमगड, छतरपूरकडून आलेली ही बुंदेली माणसं इमारतीच्याच पायाशी राहायची. विटा नुसत्या एकावर एक रचून भिंती, वर निळं प्लास्टिक. इमारत पुरी झाली की विटा उचलायच्या, पुढच्या जागेवर जायचं.

एका सकाळी पोळ्या करताना कुमुदने पाहिलं, त्या फळीवरून एक पोरगेलीशी बाई डोक्यावर विटांची चळत घेऊन चढत होती. वाऱ्याने पदर उडाला, आणि तिचं पोट दिसलं. चार-पाच महिने झाले असावेत. हात न लावता, मान ताठ ठेवून ती वर गेली, विटा उतरवल्या, खाली आली, पुन्हा चळत घेतली. कुमुद बघतच राहिली. एक बाई एका अंगाने दुसऱ्यांची घरं उभारते आणि त्याच अंगात आणखी एक जीवही उभारते. आणि हे सगळं कशावर, तर भाकरीच्या तुकड्यावर आणि मिरचीच्या चटणीवर. तव्यावरची पोळी करपली तेव्हा ती भानावर आली.

त्या बाईचं नाव राधा. ते कळलं पाण्यामुळे. राधा आणि तिची सासू कौशल्या सोसायटीच्या टाकीवर कळशी भरायला आल्या आणि चौकीदार त्यांना हाकलायला लागला. कुमुद वरून ओरडली, "भरने दे रे! तेरे घर का पानी है क्या?" आणि खाली उतरली.

"पहिला है क्या?" तिने राधाला विचारलं.

उत्तर कौशल्याने दिलं. काटक, काळीसावळी बाई. केसांत सिमेंटची धूळ बसून वयाचा अंदाज येत नव्हता. "तीसरा है, जिज्जी. दो आए, दो चले गए." मग तिने आपला तळवा पुढे केला, जणू त्यावर काही ठेवलेलं आहे. "दोनों अद्धे थे. हाथ पे धरो तो बोझ ही न लगे."

तुटलेल्या अर्ध्या विटेला गवंडी अद्धा म्हणतात, हे कुमुदला एवढ्या दिवसांत खिडकीतून ऐकून माहीत झालं होतं. कौशल्याचा आवाज कोरडा होता. माल कसा खराब निघाला ते सांगावं तसा. पण तिचा दुसरा हात राधाच्या पाठीवर होता आणि तो तिने शेवटपर्यंत काढला नाही.

कुमुदने राधाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि त्या कुमुदवरच डाफरल्या. हिच्या अंगात रक्त नाही, म्हणाल्या. गोळ्या देते, पण गोळी म्हणजे जेवण नव्हे. हिच्या पोटात अन्न गेलं नाही, तर हेही मूल त्या दोघांसारखंच हलकं येईल आणि त्यांच्याच वाटेने जाईल.

दुसऱ्या दिवशी कुमुद ताट झाकून खाली घेऊन गेली. कौशल्याने वरचा रुमालही उचलू दिला नाही. "हम मजूरी करते हैं, जिज्जी. माँगते नहीं." ताट तसंच परत आलं.

तेव्हा नवरात्र सुरू होतं. कुमुदच्या घरी घट बसलेला. उपासाचे म्हणून शेंगदाणे भाजून, गूळ आणि थोडं तूप घालून तिने लाडू वळले होते. तिला एकदम सुचलं. चांगले मोठे मुठीएवढे लाडू तिने देवीपुढे ठेवले, हात जोडले. देवीच्या नावाने खोटं बोलणं तिच्याने झालंच नसतं. मग पानात बांधून खाली नेले. "ये मेरा नहीं है. देवी का प्रसाद है. राधा के लिए."

प्रसाद म्हटल्यावर कौशल्याने दोन्ही हात पसरले. लाडू कपाळाला लावला. कुमुद जिना चढताना स्वतःशीच हसत होती.

नवरात्र संपलं, दिवाळी आली, गेली, पण कुमुदचा प्रसाद थांबला नाही. रोज मुठीएवढा एक लाडू वळायचा, देवीपुढे ठेवायचा, खाली पोचवायचा. पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे बघून कपाळाला हात लावला. वजन होतं तिथेच होतं. पापण्या तशाच पांढऱ्या.

"खाती क्या है ये?"

कुमुदने राधाकडे पाहिलं. राधाने पदर पुढे ओढला.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाल्यावर कुमुद न सांगता झोपड्यांपाशी गेली. कौशल्याने एक पुसलेली वीट मांडीवर घेतली होती. त्यावर लाडू ठेवून ती नखाने त्याचे तुकडे करत होती. भोवती लहान पोरं, मग गवंडी, मग वाळू चाळणाऱ्या बायका. प्रत्येकाच्या तळहातावर एक एक कण. चौकीदारालाही बोलावून दिला. हो, तोच, पाण्यावरून हाकलणारा. एक कुत्रं शेपूट हलवत होतं, त्यालाही एक कण मिळाला. शेवटी विटेवर जो भुगा उरला, तो कौशल्याने बोटाने गोळा करून राधाला दिला. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. राधाने तो भुगा डोळ्यांना लावला आणि खाल्ला.

कौशल्याचं लक्ष गेलं. "अरे जिज्जी! आओ आओ, तुम रह गईं." तिने एका पोराच्या हातातला कण मोडला आणि त्यातला अर्धा कुमुदच्या तळव्यावर ठेवला.

"सबको देती हो रोज?" कुमुदने कसंबसं विचारलं.

"प्रसाद अकेले थोड़ी खाते हैं," कौशल्या म्हणाली. "पाप लगे."

जन्मभर कुमुदनेही हेच केलं होतं. आरती झाली की वाटी घेऊन जिन्यात उभं राहायचं, येईल त्याच्या हातावर ठेवायचं, स्वतः शेवटी. पण तिच्या पोटात अन्न असायचं. इथे उपाशी माणसं एका लाडवाचे इतके भाग करत होती आणि त्यात कुणालाही काही विशेष वाटत नव्हतं. देवळात जसं उभं राहतात तशी ती त्या विटांच्या ढिगाशी उभी राहिली. मग तिने तो कण तोंडात टाकला.

घरी आल्यावर मात्र तिचा धीर सुटला. "अहो, मी काय करून बसले! खायला द्यायचं म्हणून प्रसाद म्हटलं, आणि प्रसाद म्हटल्यामुळे तिच्या तोंडात काही गेलंच नाही."

"मग वाटणारच की त्या," बळवंतराव म्हणाले. "तू नसता वाटलास?"

शेजारची सुनेत्रा आली होती. सुनेत्रा म्हणजे बोलायला लागली की तीन जिने ऐकू जाईल अशी. ती म्हणाली, "अगं, मग सरळ सांगून टाक ना, प्रसाद नाही म्हणून."

"देवीपुढे ठेवलेला असतो गं. नाही कसं म्हणू? आणि नाही म्हटलं तर कौशल्या हातच लावायची नाही."

"कमाल आहे तुझी. स्वतःच कुलूप लावलंस आणि स्वतःच किल्ली फेकलीस!"

वाट सापडली ती सुनेत्रामुळेच, पण तिच्याही नकळत. तिची भाची अपूर्वा करोल बागेत राहायची. तिला सातवा महिना लागला होता, डोहाळजेवण ठरलं होतं, आणि सुनेत्राला चांगला पाट हवा होता. कुमुदने आपला शिसवी पाट दिला आणि स्वतःही गेली. अपूर्वा हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. पुढे ताट, ताटाभोवती रांगोळी, भोवताली बायकांची गाणी. एवढ्यात कुणाचं तरी पोर पुढे झालं आणि त्याने ताटातल्या करंजीला हात घातला. एका म्हाताऱ्या मावशींनी चटकन त्याचा हात धरला. "अं हं! ते तिचं आहे, राजा. डोहाळजेवणाच्या ताटातलं मागायचं नसतं."

कुमुदने त्या ताटाकडे पुन्हा पाहिलं. किती डोहाळजेवणं तिने केली होती, किती जेवली होती. आणि हे इतकं समोर असलेलं आजवर दिसलं नव्हतं.

ती दुसऱ्याच दिवशी कौशल्याकडे गेली आणि विटेवर बसली. "कौशल्याबाई, तुम्हारे यहाँ सातवें महीने में क्या करते हैं?"

"गोद भरते हैं. पर वो तो मायके से आता है." कौशल्याने राधाकडे पाहिलं. "इसकी महतारी रही नहीं. बाप किसी भट्ठे पे है. कौन भरेगा?"

"मैं भरूँगी. मैं इसका मायका."

कौशल्या खदखदून हसली. "लो, सुनो! फ्लैट वाली जिज्जी, मजूरन का मायका!"

"क्यों? नहीं हो सकता?"

हसू थांबलं. कौशल्या बराच वेळ हातावरची सिमेंटची खपली नखाने काढत राहिली. मग हळूच म्हणाली, "मायके का खाना ससुराल वाले नहीं चखते. वो पेट वाले का हिस्सा है. कोई और खाए तो पाप लगे."

"पाप?"

"हओ. घोर पाप."

तिने नजर वर केली, आणि कुमुदने पाहिलं, त्या नजरेत हसू होतं आणि पाणीही होतं. हे पाप कौशल्याच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं की आत्ता त्या विटेवर बसल्या बसल्या जन्माला आलं, हे कुमुदला कधीच कळलं नाही. तिने विचारलंही नाही. इतके दिवस राधाने खावं म्हणून तिचा एकटीचाच जीव तुटत होता, असं ती समजत होती. ते तसं नव्हतं.

"हमारे यहाँ ये खाना रोज होता है," कुमुदनेही मग ठोकून दिलं. "बच्चा आने तक."

सुनेत्राने हे ऐकून कंबरेवर हात ठेवले. "रोज डोहाळजेवण? कुठल्या शास्त्रात लिहिलंय गं?"

"मला कुठे शास्त्र येतं? मी आपलं ताट वाढते. तू भाजी आण."

मार्गशीर्षातल्या उन्हात, टाकीजवळच्या मोकळ्या जागेत पाट मांडला. कुमुदने बोटभर रांगोळी काढली. सोसायटीतल्या बायका आल्या, समोरच्या मजूर बायका आल्या. राधाची ओटी भरली आणि ताट पुढे ठेवलं. वरणभात, त्यावर तूप, मेथीची भाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, लिंबाची फोड, लाडू.

राधाचा हात ताटाकडे जाईना. घुंगटाखाली तिची मान आणखी आणखी खाली जात होती. सासूच्या आधी ती जन्मात जेवली नव्हती, आणि इतक्या डोळ्यांपुढे तर नाहीच.

तेव्हा कौशल्या उठली आणि तिने राधाकडे पाठ केली. "खा ले, बिन्नू. हम नहीं देख रहे."

तिचं पाहून शेजारच्या मजूर बाईने पाठ केली. मग तिच्या शेजारचीने. मग सोसायटीतल्या बायकाही एकेक करून वळल्या. आरडाओरडा करणारी सुनेत्राही तोंड मिटून भिंतीकडे बघत उभी राहिली. मधे एक पोरगी पाटावर, आणि तिच्याभोवती सगळ्या पाठीच पाठी. कुणीतरी बुंदेलीत गाणं धरलं. गाण्यातून मागे बांगड्यांचा किणकिण आवाज आला, थांबला, पुन्हा आला, आणि मग तो थांबलाच नाही. कुमुदने डोळे मिटून घेतले. देवीचं दर्शन व्हावं म्हणून ती डोंगर चढून गेली होती, रांगेत उभी राहिली होती. इथे तर पाठ फिरवून मिळत होतं.

ताट पुसून निघाल्यावर सुनेत्राला कंठ फुटला. "अगं, पण मुख्य विचारायचं राहिलंच! राधा, क्या खाने का मन करता है? बोल, बोल, हमारे में पूछते हैं."

सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा घुंगटातून अगदी बारीक आवाज आला. "ईंट."

बायका हसल्या. राधा हसली नाही. तिने पदराची गाठ सोडून पुढे धरली. आत विटेचे लाल तुकडे होते, चघळून चघळून गुळगुळीत झालेले. त्यांच्याच शेजारी कागदात गुंडाळलेल्या दवाखान्याच्या गोळ्या. "ये सोंधी लगती है," ती एक तुकडा हुंगत म्हणाली. "वो गोली खाली पेट उल्टी कराती है."

कुमुदला आठवलं, खिडकीतून किती वेळा तिने राधाचा हात तोंडाकडे जाताना पाहिला होता, आणि फुटाणे खात असेल म्हणून ती सुखावली होती.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. अंगात रक्त कमी झालं की शरीर माती, वीट, राख असलं काहीही मागतं, त्या म्हणाल्या. रक्त भरलं की ही ओढ आपोआप जाईल. गोळी आता भरल्या पोटी द्या. पण कुमुदला नवल वाटतच राहिलं. अंगाला काय हवं ते त्याला कळत होतं, फक्त मिळत नव्हतं. म्हणून बिचारं दिवसभर डोक्यावर असलेल्या त्या लाल ढिगातच शोधत राहिलं होतं. डोहाळे विचारायची रीत होती म्हणून तरी ते बाहेर आलं.

मग रोजचंच झालं. दुपारची सुट्टी झाली की पाट. एकेका घराने एकेक वार उचलला, आणि कुणाची भाजी चांगली यावरून जिन्यात भांडणंही झाली. सकाळी ऑफिसला जाताना बळवंतराव पाट खाली नेऊन ठेवायचे. "लोक डबा घेऊन निघतात, मी पाट घेऊन निघतो," म्हणायचे. थोड्याच दिवसांत राधाच्या शेजारी आणखी एका पोटुशीचा पाट लागला, मग अंगावर पाजणारी एक आली, तिचाही लागला. कौशल्या रोज यायची, पाठ करून बसायची आणि बांगड्यांचा आवाज ऐकायची. कुमुदने कितीदा म्हटलं, "तुम भी खाओ." ती मान हलवायची. "पाप लगे, जिज्जी."

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. जेवून झाल्यावर राधाने कुमुदचा पदर ओढला. "जिज्जी, बेर खाने का मन है. खट्टे वाले."

"बेर?" कुमुदने तिच्याकडे बघितलं. "और ईंट?"

राधाने नाक मुरडलं. "छी! माटी कौन खाए?" आणि पदराची गाठ उलगडून दाखवली. गाठ रिकामी होती.

कुमुद चपला घालायला विसरली. तशीच रस्त्यावर जाऊन तिने गाडीवाल्याकडून ओंजळभर बोरं घेतली, आणि तो सुट्टे पैसे परत देत असताना त्याच्यासमोर रडली. "बहनजी, खट्टे निकले तो बदल दूँगा," तो घाबरून म्हणाला.

होळीच्या थोडं आधी, सकाळी, राधाला सरकारी इस्पितळात नेलं. बाहेरच्या बाकावर कुमुद आणि कौशल्या शेजारी शेजारी बसल्या. कौशल्या आपला उजवा तळवा उघडायची, त्याकडे बघायची आणि मिटून घ्यायची. तिच्या मनात काय होतं ते कुमुदला कळत होतं. या तळव्यावर दोन आले होते, दोघांचंही ओझं लागलं नव्हतं. कुमुदने देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि ते पुरं होईना, मधेच तुटायचं.

दार उघडलं. नर्सने फडक्यात गुंडाळलेलं बाळ आणलं. "लड़की है. वजन अच्छा है," म्हणाली, आणि आकडाही सांगितला. कौशल्याने आकडा ऐकलाच नाही. तिने उजवा हात पुढे केला. नर्स म्हणाली, "अम्मा, दोनों हाथ से." पण कौशल्याने बाळ आधी त्या एका तळव्यावरच घेतलं, दुसरा हात आडोशाला धरून. आणि डोळे मिटले.

जन्मभर विटा उचललेला तो हात.

तळवा हळूच खाली गेला, आणि स्थिर झाला.

"साबुत है," कौशल्या म्हणाली. डोळे मिटलेलेच होते, पण गालांवरून पाणी वाहत होतं. "पूरी ईंट है, जिज्जी. पूरी, पक्की."

मुलीने तेवढ्यात असा काही टाहो फोडला की बाकावरच्या सगळ्या बायका दचकल्या. कौशल्याने तिला कुमुदच्या हातात दिलं. कुमुदला ते ओझं लागलं. वरणभाताचं, मटकीचं, सुनेत्राच्या बेचव पालकाचं आणि त्या पाठमोऱ्या बायकांचं ओझं. गरम, लाल, रडणारं. हात जोडायचे होते, पण दोन्ही हात गुंतले होते.

कौशल्याने कनवटीतून गुळाचा खडा काढला. "लो. माता का."

कुमुदने बाळ तिला परत दिलं आणि गूळ घेतला. "ये तो बँटेगा न?"

"हओ. ये बँटेगा."

कुमुद बाकाच्या एका टोकापासून सुरू झाली. वाट बघणाऱ्या बायका, नर्स, आया, दारावरचा शिपाई, फरशी पुसणारी बाई. प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या हातावर एक एक कण. शेवटी तळव्याला जे चिकटून राहिलं, ते तिने डोळ्यांना लावलं आणि खाल्लं.